कंचनबाईंचा इंग्रजीचा तास

बाई,

शाळेत तुम्हाला सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. परतूरच्या आपल्या प्राथमिक शाळेत बाकी सगळे गुरुजी आणि बाई एकच, म्हणून पुढं नाव लावायची गरज कधी पडली नाही. परवा शोकसभेत हेडमास्तर 'श्रीमती कंचनबाई' म्हणाले, तेव्हा मागं बसलेली बारकी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. या कोण, असं त्यांना वाटलं असणार. मग एकानं शेजारच्याला हळूच सांगितलं, "अरे, आपल्या बाई." तेव्हा कुठं त्यांचे चेहरे बदलले.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उभा राह्यलो, दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. तुमचं माहेर सिकंदराबादचं, वैधव्य लवकर आलं, शाळेत इतकी वर्षं काढली, हे सगळं हेडमास्तरांनी सांगितलंच होतं. माझ्याजवळ जे होतं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. ते तुमच्याशीच बोलायचं होतं. आज रविवार आहे, घरात कुणी नाही, म्हणून बसलोय.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर शाळेचं सगळंच उलटंपालटं झालं होतं. कालपर्यंत उर्दूत चालणारे वर्ग मराठीत आले. जुने मौलवीसाहेब आणि आणखी दोघंतिघं शाळा सोडून गेले. मी केदारखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. माझं स्वतःचं शिक्षण औरंगाबादेत उर्दूतून झालेलं, त्यामुळे मराठीतून भूगोल शिकवतानाच माझी तारांबळ उडायची. इंग्रजी मला लिहिता यायचं, बोलायला तोंड उघडायचं नाही. खालच्या वर्गांना इंग्रजी कोण शिकवणार, हा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी सांगितलं की मोंढ्यातल्या, कापूसबाजारातल्या शेठजींची विधवा सून इंग्रजी बोलते. माहेरी तिच्या शेजारी कुणी ख्रिस्ती मास्तरीणबाई राहायच्या, त्यांनी लहानपणी शिकवलंय. शाळेची मंडळी शेठजींकडं गेली. मीही होतो. तुमच्या सासूबाईंनी आतून भांडी आपटली, ती आम्ही सगळ्यांनी ऐकली. शेठजी म्हणाले, "विद्येचं काम आहे. जाऊ द्या तिला."

तुम्हाला कुणी विचारलं नाही. ते मला तेव्हा सुचलंही नाही.

तुमचा पहिला तास मी व्हरांड्यातून ऐकला. खरं सांगायचं तर ऐकायला मुद्दाम उभा राह्यलो होतो. माझ्या हातात तक्ता होता. रात्री जागून मी तो तुमच्यासाठी तयार केला होता. एका बाजूला आय, वुई, यू, दे. दुसऱ्या बाजूला ही, शी, इट. मध्ये लाल शाईची रेघ. तुम्ही काय केलंत? एका पोराला दारापर्यंत चालायला लावलंत आणि एका बारक्या पोरीला त्याच्या मागं धाडलंत. "हा एकटा निघाला," तुम्ही म्हणालात, "एकट्याला वाटेत सोबत पाहिजे. ही त्याची सोबत. हिचं नाव एस. आता इंग्रजीत म्हणा, ही गोज." मग चौघांना एकदम चालवलंत आणि त्या पोरीला खाली बसवलंत. "यांना सोबत कशाला पाहिजे? एकमेकांची आहेच. दे गो." थोड्याच वेळात वर्गात एस व्हायला भांडणं लागली. सगळ्यांना कुणाच्या तरी मागं पळायचं होतं.

तास संपल्यावर मी तक्ता पुढं केला. तुम्ही तो नीट पाहिलात, अक्षराचं कौतुक केलंत आणि परत दिलात.

"दिवाळीनंतर लावू, गुरुजी."

"अहो, पण नियम आधी नको का? तृतीय पुरुष, एकवचन, वर्तमानकाळ. एकदा पाठ झालं की पोरं चुकणार नाहीत."

"तुम्हाला तुमच्या आईनं तृतीय पुरुष शिकवला होता?"

"माझी आई अडाणी आहे, बाई."

"आणि तुमची मराठी तिच्याकडूनच आली ना?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते इतकी वर्षं चाललं. मधल्या सुट्टीत, कडुनिंबाखाली, तुम्ही तुमचा डबा घेऊन एका टोकाला आणि मी माझी भाकरी घेऊन दुसऱ्या टोकाला. मधून पोरं धावायची, त्यांच्या डोक्यावरून आपलं बोलणं चालायचं. माझं म्हणणं, नियम हा पाया. तुमचं म्हणणं, कान हा पाया. एकदा तुमच्याच वर्गातल्या एकानं तुम्हाला पेचात धरलं. "बाई, मीबी एकलाच शेतात जातो. मंग मला सोबत का न्हाई? आय गोज का न्हाई?" तुम्ही त्याला "उद्या सांगते" म्हणालात आणि सुट्टीत माझ्याकडं आलात.

"सांगा गुरुजी, नियम काय?"

"प्रथम पुरुषाला एस लागत नाही."

"हे तर नाव झालं. कारण कुठंय?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या पोराला काय सांगितलंत ते मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही, असं सांगितलं." शिक्षकानं वर्गात असं म्हणावं हे मला तेव्हा पटलं नाही. आता पटतं की नाही, यावर आपण अजून एखादी सुट्टी घालवली असती.

बापाच्या वाक्याचं मात्र निराळं होतं. ते भांडण व्याकरणाचं राह्यलंच नाही.

पोरं 'माय ब्रदर गोज' बिनचूक म्हणायची. 'द डॉग रन्स' म्हणायची. पण वडिलांचं वाक्य आलं की एस गळायचा. 'माय फादर गो टू द फील्ड.' दर वर्षी, प्रत्येक वर्गात. मला वाटायचं पोरं निष्काळजी आहेत. तुमच्या ध्यानात आधी आलं. "गुरुजी, भाऊ जातो, कुत्रा पळतो, पण आबा जातात. यांच्या तोंडात वडील एक नसतातच हो. हे चुकत नाहीत, मान देतात."

मी म्हणालो, "मग ते वाक्यच नको. कुत्रा, मांजर, कावळा, चिमणी, पुष्कळ नावं आहेत."

"घरातली माणसं वगळून भाषा शिकवायची?"

"भानगड नको म्हणून म्हणतो."

तुम्ही दुसऱ्या दिवशी फळ्यावर पहिलं वाक्य तेच लिहिलंत.

द्वारका त्या वर्षी चौथीत होती. दुधना नदीपलीकडच्या खेड्यातून रोज चालत यायची. त्या गावातून आपल्या शाळेत येणारी ती एकटीच मुलगी. तिचे वडील सोपानराव चांगले कष्टाळू शेतकरी, चार माणसांत मान असलेले, आणि त्यांचा कापूस वर्षानुवर्षं तुमच्या शेठजींच्या आडतीवर विकायला यायचा. एका संध्याकाळी ओसरीवर गावातली मंडळी बसलेली असताना त्यांनी कौतुकानं लेकीला विचारलं, काय शिकलीस ते सांग. तिनं उभं राहून सांगितलं. माय फादर गोज टू द फील्ड. द बुलक गोज टू द फील्ड. मंडळीत कुणीतरी थोडंफार इंग्रजी जाणणारा होता. त्यानं अर्थ फोडून सांगितला, आणि वर हेही सांगितलं की बापाला आणि बैलाला इंग्रजीत एकच शब्द आहे, पोरीनं बरोबर म्हटलंय. ओसरी हसली. दुसऱ्या दिवसापासून सोपानरावांना गावात 'गोजराव' म्हणायला लागले.

द्वारका शाळेत यायची बंद झाली.

आठवडाभर तुम्ही वाट पाह्यलीत. मग मला म्हणालात, "गुरुजी, माझ्याबरोबर त्या गावी चला. मला एकटीला जाता यायचं नाही." आपण भाड्याचा छकडा करून गेलो. वाटेत तुम्ही काही बोलला नाहीत. पात्रात पाणी कमी होतं, बैल सहज उतरले, आणि पलीकडं कापसाची रानं पांढरी झाली होती.

सोपानरावांनी घोंगडी अंथरली. पाणी दिलं, शेंगा पुढं ठेवल्या. रागावलेला माणूस वाटत नव्हता. दुखावलेला वाटत होता. दाराआडून द्वारका बघत होती.

"बाई, तुमी शिकिवता ते चांगलंच असंल," ते म्हणाले. "पन आमच्या घरात बापाला अहोजाहो हाय. पोरगी मला आन् ढवळ्याला एका दावणीला बांधून राह्यली. गावात तोंड काढायची सोय न्हाई."

तुम्ही म्हणालात, "इंग्रजीत राजालाही तसंच म्हणतात, सोपानराव. द किंग गोज."

"राजाचं आमाला काय करायचं? त्यो काय आमच्या वसरीवर येतो?"

"त्यांच्या बोलण्यात मान त्या शब्दात नसतो."

"मंग कुटं असतो?"

"बोलणाऱ्याच्या मनात असतो."

"मनातलं मानसाला दिसावं कसं?" सोपानरावांनी विचारलं, आणि मला कबूल करायला पाहिजे की प्रश्न बिनतोड होता. मग ते म्हणाले, "बरं, दुसऱ्याचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरातलं सांगा. शेठजीलाबी तुमी असंच म्हन्ता का? बैलावानी?"

"म्हणते."

मी तुमच्याकडं बघतच राह्यलो. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून तुम्ही सासऱ्यांसमोर एक शब्द उच्चारलेला नव्हता. मारवाडी घरातली रीत ती. काही निरोप असला की दाराची कडी वाजवायची, सासूबाई यायच्या, त्यांच्या कानात सांगायचं, त्या पुढं सांगणार. हे सोपानरावांनाही माहीत असणार. दर हंगामाला ते त्या दुकानात बसत होते.

"मंग माझ्या कानानं ऐकू द्या," ते म्हणाले. "तुमी शेठजीच्या म्होरं म्हना. दुसऱ्या दिशी पोरगी शाळंत."

परत येताना छकड्यात मी तुम्हाला समजावत होतो. असं कबूल करून कसं चालेल, शेठजी तुमची शाळाच बंद करतील, एका मुलीसाठी सगळ्या वर्गाचं नुकसान होईल. तुम्ही पदर कपाळावर ओढून बाहेर बघत होतात. नदी ओलांडल्यावर म्हणालात, "गुरुजी, ती आली नाही तर त्या गावातून दुसरी कोणती मुलगी येणार आहे का? नाही ना? मग झालं."

बाजाराच्या दिवशी सोपानराव कापसाच्या गाड्या घेऊन आडतीवर आले. तुम्ही मला यायला सांगितलं होतं, कारण अर्थ सांगायला कुणीतरी पाहिजे. ते दुकान अजून डोळ्यापुढं आहे. रस्त्याच्या बाजूला काटा लावलेला, हमाल घामानं निथळलेले, मुनीम आकडे लिहून राह्यलेले, गादीवर शेठजी, आणि त्यांच्या पाठीमागं घरात जायचं दार. सोपानराव माझ्या शेजारी टेकले, माझ्याकडं न बघता.

कडी वाजली. शेठजींनी सवयीनं आत हाक मारली, "अगं, सून बोलावतेय बघ." सासूबाईंऐवजी तुम्हीच दारात आलात. पदर हनुवटीपर्यंत. मुनिमाचा टाक थांबला. काट्यावरचा हमाल पारडं धरून तसाच उभा राह्यला. आणि तुमचा आवाज आला, वर्गात यायचा तसाच, ना मोठा ना लहान.

"माय फादर-इन-लॉ सिट्स ऑन द गादी. ही सेल्स कॉटन. ही स्पीक्स द ट्रुथ."

शेठजींनी मागं वळून पाह्यलं नाही. रीत त्यांनीही पाळली. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं. "मास्तर, काय म्हणते ती?"

मी सांगितलं, "माझे सासरे गादीवर बसतात. कापूस विकतात. खरं बोलतात."

"तसं न्हाई, गुरुजी," सोपानराव मध्येच म्हणाले. "इंग्रजीत जसं हाय तसंच सांगा. पदरचं घालू नका."

मला ते सांगावं लागलं. भर मोंढ्यात, त्यांच्या मुनिमापुढं, हमालांपुढं, मी परतूरच्या एका मोठ्या आडत्याला सांगितलं, "माझा सासरा गादीवर बसतो. कापूस विकतो. खरं बोलतो."

शेठजींनी विचारलं, "इंग्रजीत असंच असतं?"

"असंच असतं."

"कलेक्टरसाहेबाला?"

"त्यांनाही असंच."

"आणि या हमालाला?"

"त्यालाही असंच, शेठजी."

त्यांनी समोरचा कापूस चिमटीत घेऊन पाह्यला. "खरं बोलतो, असं म्हणाली ना?" ते म्हणाले. "भर बाजारात म्हणाली. मंग मला बाकीचं बिलकुल चालतं." आणि मुनिमाला म्हणाले, "लिही पुढं. काटा का थांबला?"

सोपानराव उठले. त्यांनी दाराच्या दिशेनं हात जोडले. तुम्ही तोवर आत गेला होतात.

द्वारका दुसऱ्या दिवशी आली. तिच्या वडिलांचं 'गोजराव' हे नाव काही गेलं नाही, पण त्यांनी ते मनावर घेणं सोडलं. पुढं पुढं तर बाजारात मी दिसलो की स्वतःच म्हणायचे, "काय गुरुजी, गोजराव आले बरं का."

तुम्हाला मात्र ते सोपं गेलं नाही. सासूबाईंनी कित्येक दिवस तुमच्याशी बोलणं टाकलं. तुमचं ताट वेगळं वाढलं जायचं. नात्यातल्या बायका येऊन डोळे मोठे करून गेल्या. हे तुम्ही मला डबा उघडता उघडता सांगितलंत, लोणच्याबद्दल सांगावं तसं. मी म्हणालो, "बाई, आता तरी ते वडिलांचं वाक्य सोडा." तुम्ही माझ्याकडं अशा काही नजरेनं पाह्यलंत की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि मग तुमच्या घरात ती गोष्ट झाली, जी सांगताना तुम्हाला हसू आवरत नव्हतं. सासूबाईंची कुरकुर थांबेना, तेव्हा शेठजींनी त्यांना निकाल दिला. "सुनेनं सासऱ्याशी आपल्या बोलीत बोलायचं नाही, मराठीतही नाही. बराबर आहे. पण इंग्रजीत बोललेलं बोलण्यात धरायचं नाही. त्याची काही रीत आपल्यात नाही." त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसले आणि दाराकडं पाठ करून म्हणाले, "आज शाळेत काय झालं?" तुम्ही दाराआडून इंग्रजीत सांगितलंत. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. असं ते कायमचं सुरू झालं. अलीकडं शेठजी दाराकडं पाठ करून 'रेन कम?' म्हणायचे आणि तुम्ही आतून म्हणायच्या, 'रेन कम्स, बाबूजी.' त्यांना एस कधी आलाच नाही. तुम्ही म्हणायच्या, माझा सगळ्यात कच्चा विद्यार्थी घरातच आहे.

तुम्ही हे सांगत असताना मी हसलो होतो. पण त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात आलं की त्या घरात इतक्या वर्षांनी कुणीतरी तुम्हाला तुमचा दिवस कसा गेला ते विचारलं होतं. हे तुमच्याशी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. अशा गोष्टी आपण बोलत नव्हतो. आपण क्रियापदांवर बोलत होतो.

आणखी एक बोललो नाही. मधे मला भोकरदनला बदली मिळत होती. गाव जवळ, आई तिकडं, शेतीकडं लक्ष देता आलं असतं. मी नको म्हणालो. तुम्ही कारण विचारलंत. मी म्हणालो, इथलं पाणी मानवलंय.

"दुधनेचं?" तुम्ही म्हणालात. "गाळून घेतलं तरी खाली माती बसते ते?"

"हो, तेच."

तुम्ही डबा झाकलात आणि म्हणालात, "बरं झालं. नाहीतर मी सुट्टीत भांडले असते कुणाशी?" म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तेवढं पुरे होतं, तेव्हाही आणि आताही.

मग आपला भाग मुंबई राज्यात गेला आणि खालच्या वर्गांतलं इंग्रजी बंद होणार असं कानावर यायला लागलं. एक दिवस वेळापत्रकातून तो तास खरंच गेला. मला वाईट वाटलं, पण धोरण मला चुकीचं वाटलं नाही. बारकी पोरं, आधी त्यांची मराठी तर पक्की होऊ द्या, उर्दूतून शिकताना माझे काय हाल झाले ते मला माहीत आहेत, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "पोराच्या डोक्यात जागा कमी असते असं कुणी सांगितलं? एक भाषा आली की दुसरी बाहेर जाते का?" यावर आपलं खरंखुरं वाजलं. चार दिवस तुम्ही कडुनिंबाखाली आला नाहीत. पाचव्या दिवशी कळलं की शेठजींनी आडतीमागची सरकी ठेवायची खोली तुम्हाला मोकळी करून दिलीय आणि शाळा सुटल्यावर तुम्ही तिथं पोरं बसवणार आहात. मी जुना फळा रंगवून दिला. तुम्ही आभार मानले नाहीत आणि मी मत बदललं नाही. खोलीत सरकीचा तेलकट वास कायम असायचा. पोरांच्या कपड्यांनाही तो लागायचा, आणि सकाळी वर्गात शिरलं की मला कळायचं, काल बाईंकडं कोण कोण होतं.

यंदा नवं राज्य झालं, गावात मिरवणूक निघाली, तेव्हाच तुमचा खोकला वाढला होता. तुम्ही कुणाला जुमानलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला तुम्हाला जालन्याला दाखवायला न्यायचं ठरलं. मी स्टेशनवर आलो होतो. तुम्ही खिडकीशी बसला होतात, चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, तब्येतीचं काही बोलाल.

"गुरुजी, एका पोरीनं मला अडवलंय," तुम्ही म्हणालात. "एव्हरीबडी म्हणजे सगळे ना? मग एव्हरीबडी गोज का? सगळ्यांना एस कसा?"

"नियम आहे तसा. एव्हरीबडी एकवचनी."

"हे पुन्हा नावच झालं."

गाडी सुटली. मी उत्तर काढून ठेवणार होतो, तुम्ही परत आल्यावर भांडायला. परत येताना तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हतात.

तुम्ही गेल्यावर मी शेठजींकडं बसायला गेलो. ते ओट्यावर होते, दाराकडं पाठ करून. त्यांनी मला बाजूला बसवलं. मग म्हणाले, "मास्तर, ती काय बोलायची त्यातलं मला निम्मं कळायचं न्हाई. पण बोलायची." आत सासूबाई रडत होत्या. मी उठलो तेव्हा त्यांनी दारातून मला सांगितलं, "ती पोरं खोलीत येतात अजून. त्यांना सांगा ना, आता येऊ नका. मला बघवत नाही."

म्हणून काल मी त्या खोलीवर गेलो. पोरांना समजावून घरी पाठवायचं, फळा काढून आणायचा, एवढंच ठरवलं होतं. दार उघडंच होतं. आत द्वारका उभी होती. आता ती हायस्कूलला आहे, साडी नेसते. तिच्यासमोर बारकी पोरं पोत्यांवर बसली होती. एका पोराला तिनं उभं केलं होतं आणि कुणाचंही नाव घेऊन वाक्य कर म्हणाली होती.

पोरगं म्हणालं, "बाई टीच इंग्लिश."

"टीचेस," पुढच्या पोत्यावरची एक बारकी पोरगी म्हणाली. सहा-सात वर्षांची असेल. शाळेत तिला अजून इंग्रजीचा इ शिकवलेला नाही.

मी दारातूनच तिला विचारलं, "का गं? टीच का नाही?"

तिनं वळून माझ्याकडं पाह्यलं. घाबरली नाही. "तसं कानाला बराबर लागत न्हाई, गुरुजी."

बाई, ते वाक्य चुकलेलं होतं. तुम्ही गेलात, आता ते भूतकाळात पाहिजे. तक्त्याप्रमाणं तिथं टॉट यायला पाहिजे, आणि मी आयुष्यभर तक्त्याच्या बाजूनं उभा राह्यलो. द्वारकालाही भूतकाळ येतो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी काही बोललो नाही. तिनं खडू घेतला आणि त्या बारकीनं सांगितलं होतं तसंच वाक्य फळ्यावर लिहिलं, सावकाश, शेवटचं अक्षर ठळक करून.

मग ती माझ्यासाठी पोतं ओढायला लागली. मी म्हणालो, असू दे, तुझं चालू दे. मी आत आलो, भिंतीशी जमिनीवरच बसलो, आणि तिनं पोरांना पुढचं नाव विचारलं.